अर्ध्या वॅटचा पल्ला: पालघर, बोईसर आणि तारापूरमधील आपत्तीकाळातला शेजारसंपर्क

वॉकी-टॉकी म्हणजे बोलणे पाठवण्याचे आणि ऐकण्याचे अशी दोन्ही कामे करणारा, हातात मावणारा रेडिओ सेट. एका सेटमधून निघालेली लहर हवेतून थेट दुसऱ्या सेटमध्ये पोचते. मध्ये टॉवर, केबल किंवा सिमकार्ड लागत नाही. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. दोघांना एकाच वेळी बोलता येत नाही, पण एक बोलतो तेव्हा त्या चॅनेलवरचे सगळे ऐकतात, आणि संकटात सापडलेल्या वस्तीला हाच गुण फोनपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पालघर, बोईसर आणि तारापूरच्या पट्ट्यात असे सेट शेजारापाजाऱ्यांच्या संपर्कासाठी वापरायचे झाले, तर सेट विकत घेणे हा सर्वांत सोपा भाग आहे. ऐकायला कोण बसणार आणि ऐकलेले पुढे कोण पोचवणार, हे ठरवणे त्याहून कठीण.

मोबाइल का बंद पडतो

मोठ्या आपत्तीत मोबाइल दोन वेगळ्या कारणांनी निकामी होतो. पहिले कारण गर्दीचे. एका टॉवरला एका वेळी ठरावीकच संभाषणे पेलतात. हादरा बसल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत सगळेच घरी फोन लावू लागले की टॉवर शाबूत असूनही कोणाचाच फोन लागत नाही. दुसरे कारण विजेचे. वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, नंतर जनरेटरचे डिझेल संपेपर्यंत. वादळात झाडे आणि खांब पडून रस्ते अडले की डिझेलची गाडी पोचत नाही. जमिनीखालची फायबर केबल तुटली तर टॉवरचे दिवे चालू राहतात, पण त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईसारख्या महानगरातही मोबाइलसेवा कोलमडली होती. कच्छमध्ये जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर आणि त्याआधी किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, संदेशवहनाला हातभार लावला तो नेहमीचा फोनसंपर्क तुटल्यामुळेच.

आता सरकारी इशारे थेट मोबाइलच्या पडद्यावर येतात. अशा संदेशांच्या चाचण्या २०२३ मध्ये अनेकांच्या फोनवर मोठ्या आवाजात वाजल्या. ही सोय चांगली आहे, पण ती वरून खाली येणारी आहे. कारखान्याचा भोंगा, देवळावरचा किंवा मशिदीवरचा ध्वनिक्षेपक आणि गाडीवरून दिलेली दवंडी यांचेही तसेच. गल्लीतली माहिती वर नेण्याचा मार्ग फोनच्या पलीकडे जवळपास नाही, आणि वॉकी-टॉकीची खरी जागा या पोकळीत आहे.

या पट्ट्यातली संकटे

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. अरबी समुद्रापासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात संकटांचे जितके प्रकार एकत्र आढळतात तितके राज्यात फार थोड्या ठिकाणी असतील. बोईसरला लागून तारापूर औद्योगिक वसाहत आहे. रसायने, औषधे, रंग आणि कापडप्रक्रिया यांच्या कारखान्यांना सालवड, पास्थळ, सरावली, कोळवडे, कुंभवली, पाम ही गावे आणि चाळी जवळजवळ खेटून आहेत. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोळवडे येथील एका रसायन कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ जणांचा मृत्यू झाला आणि आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. बोईसरमध्ये असा आवाज झाला की लोकांच्या मनात आधी एकच प्रश्न येतो: कारखान्यात झाले की अणुकेंद्रात? त्याचे उत्तर पहिल्या दहा मिनिटांत मिळाले नाही, तर रस्त्यावर उतरणारी गर्दी हेच दुसरे संकट होते.

तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून वीज देऊ लागल्या. प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीची भर २००५-०६ मध्ये पडली. अशा केंद्राभोवती १६ किलोमीटर त्रिज्येचे आपत्कालीन नियोजन क्षेत्र धरले जाते. बोईसर त्या वर्तुळात येते. पालघर शहर, जिथे जिल्हाधिकारी कार्यालय आहे, ते थोडे बाहेर पडते. केंद्राच्या कुंपणाबाहेरच्या आणीबाणीची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात आणि पहिली सूचना बहुधा घरात थांबण्याची असते: दारे-खिडक्या लावा, पुढच्या आदेशाची वाट पाहा. लोक बाहेर पडू शकत नाहीत, एकमेकांच्या दारात जाऊन विचारू शकत नाहीत आणि फोनवर ताण आलेला असतो. कमी पल्ल्याचा रेडिओ इतका चपखल बसेल असा प्रसंग दुसरा क्वचितच असेल.

किनाऱ्यावर वादळे आहेत. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आले. तौक्ते १७ मे २०२१ रोजी या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेले. त्या वादळात भरकटलेला ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा पालघरच्या किनाऱ्याजवळ रुतला आणि त्यावरच्या १३७ जणांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. उत्तरेला डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीच्या आसपास शेकडो लहान धक्के नोंदले गेले, १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता, आणि पाड्यांवरच्या लोकांनी थंडीतल्या रात्री तंबूत किंवा उघड्यावर काढल्या. एकेका गावाचे पाडे दोन-तीन किलोमीटरवर विखुरलेले असतात आणि मधल्या टेकड्यांमुळे मोबाइलचे नेटवर्क एरवीही येते-जाते. अशा वस्तीत पाड्यापाड्याला एक सेट असणे हा चैनीचा प्रकार म्हणता येणार नाही.

रेडिओ आहेत, पण वेगवेगळ्या वाटांनी

या भागाला बिनतारी संदेश नवा नाही. पोलिसांची स्वतंत्र बिनतारी यंत्रणा आहे. रेल्वेकडे आहे, मोठ्या कारखान्यांच्या सुरक्षारक्षकांकडे परवाना घेतलेले सेट आहेत. सातपाटी, डहाणू आणि अर्नाळ्याच्या मासेमारी बोटींवर सागरी व्हीएचएफ सेट असतात. बोटीचा प्रमुख, म्हणजे तांडेल, ज्या सोळा नंबरच्या चॅनेलवर कान ठेवतो, ते १५६.८ मेगाहर्ट्झचे चॅनेल जगभर संकटाच्या हाकेसाठी राखलेले आहे. त्यावर गप्पा मारायच्या नसतात, हाक देऊन दुसऱ्या चॅनेलवर जायचे असते. उघड्या समुद्रात, डोलकाठीवर अँटेना आणि २५ वॅटची शक्ती असल्यावर दोन बोटींमध्ये वीस किलोमीटरपर्यंत बोलणे सहज होते. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर किनाऱ्यावर सागर रक्षक दले उभी राहिली, ‘सागर कवच’ नावाचे सराव होतात, त्यामुळे कोळीवाड्यांना पाहणे, ओळखणे आणि कळवणे या कामाची सवय आहे.

अडचण अशी की या सगळ्या वाटा एकमेकींना मिळत नाहीत. बोटीवरचा सेट जमिनीवर, घरात वापरायला परवानगी नसते. कारखान्याचा सेट कारखान्याच्या कंप्रतेवर चालतो. त्यावर कुंपणाबाहेरच्या चाळीला काही ऐकू येत नाही, आणि यावेही असे कारखान्याला वाटत नाही. पोलिसांच्या वाहिनीवर नागरिकांनी बोलण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे वस्तीसाठी रेडिओ हवा असेल तर तो वेगळ्या वाटेने आणावा लागतो, आणि ती वाट कायद्याने अरुंद पण मोकळी ठेवली आहे.

काय चालते, काय चालत नाही

भारतात रेडिओ सेट बाळगण्यासाठीही परवाना लागतो, हा नियम १९३३ च्या बिनतारी तार कायद्यापासून चालत आला आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या चौकटीतही कंप्रतेवरचा ताबा सरकारचाच आहे. त्यातून दूरसंचार विभागाने काही पट्टे परवान्यातून वगळले आहेत. वस्तीच्या कामाचे त्यांतले दोन. पहिला ‘सिटिझन्स बँड’, सुमारे २७ मेगाहर्ट्झचा, ५ वॅट शक्तीपर्यंत. या पट्ट्यातली लहर अकरा मीटर लांबीची असते, त्यामुळे छोट्या अँटेनाने ती नीट निघत नाही; अमेरिकेत ट्रकवाल्यांनी तो गाडीवरच्या उंच काठीने गाजवला, आपल्याकडे रुजला नाही. दुसरा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, २०१८ च्या नियमांनी खुला झालेला. यात प्रसारित शक्ती अर्धा वॅट, अँटेना सेटला कायमची जोडलेली, आणि साडेबारा किलोहर्ट्झच्या अंतराने सोळा चॅनेल बसतात. युरोपात हाच पट्टा अनेक वर्षे घरगुती वापरात आहे. शेजारसंपर्कासाठी बोईसर-पालघरमध्ये विचार करायचा तो याच पट्ट्याचा.

परवाना लागत नाही म्हणजे कोणताही सेट चालतो असे नाही. त्या मॉडेलला दूरसंचार विभागाची उपकरण-मान्यता असावी लागते आणि तो सेट फक्त त्याच पट्ट्यात चालणारा असावा लागतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त चिनी सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ अशा रुंद पट्ट्यांत कुठेही लावता येतात. हॅम परवानाधारक सोडून इतरांनी ते बाळगणे बेकायदा आहे, आणि त्यांतून पोलिसांच्या किंवा विमानतळाच्या संदेशांत अडथळा येऊ शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये अशा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा काढल्या आणि विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही आणल्या. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेली सेटची जोडीही इथे चालत नाही. तिथला घरगुती पट्टा ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झचा आहे, तो आपल्याकडे इतरांना दिलेला आहे.

आणखी एक फसगत मोठी आहे. ‘अमर्याद पल्ल्याचा’ किंवा ‘भारतभर चालणारा’ वॉकी-टॉकी म्हणून जे विकले जाते, त्यात सिमकार्ड असते. दिसायला आणि बटण दाबायला तो वॉकी-टॉकीच, पण बोलणे मोबाइलच्या जाळ्यातून जाते. एरवी मालवाहतुकीला किंवा मोठ्या सोसायटीच्या सुरक्षेला तो उत्तम. टॉवर पडल्यावर मात्र त्याचा उपयोग शून्य. आपत्तीसाठी सेट घेणाऱ्याने दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न ‘यात सिम लागते का?’ हाच असावा.

अणुकेंद्राच्या आणि सागरी सुरक्षेच्या या भागात हातात वॉकी-टॉकी घेऊन फिरणारा माणूस नजरेत भरतो. सेट कायदेशीर असला तरी बोईसर, तारापूर किंवा सातपाटी सागरी, जे पोलीस ठाणे लागू असेल तिथे आधीच लेखी कळवून, मान्यतेच्या कागदाची प्रत जवळ ठेवलेली बरी.

पल्ल्याचा हिशेब

खोक्यावर दहा किलोमीटर लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात तिसऱ्या गल्लीत आवाज तुटतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ४४६ मेगाहर्ट्झची लहर जवळपास सरळ रेषेत जाते, त्यामुळे मोकळ्या जागेतला पल्ला शक्तीपेक्षा उंचीवर ठरतो. जमिनीपासूनची अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला सुमारे ४.१ ने गुणले की त्या टोकाचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. दोन्ही टोकांची बेरीज म्हणजे कमाल पल्ला. दीड मीटरवर सेट धरलेल्या दोन माणसांसाठी ही बेरीज दहा किलोमीटर होते. खोक्यावरचा आकडा इथून येतो. त्यातला एक जण वीस मीटर उंच गच्चीवर गेला तर आकडा तेवीसवर जातो, शक्ती अर्धाच वॅट राहून.

हे गणित केळव्याच्या ओहोटीच्या वाळूत बऱ्यापैकी खरे ठरते, बोईसरच्या ओस्तवाल एम्पायरसारख्या इमारतींच्या गर्दीत नाही. सिमेंट-काँक्रीटच्या दोन-तीन भिंती, त्यांतल्या सळ्या आणि लिफ्टचा लोखंडी खांब ओलांडताना लहरीचा बहुतेक जोर संपतो. पत्र्याच्या चाळीत आणि कारखान्याच्या शेडमध्ये ती अडते आणि परावर्तित होऊन भलतीकडून येते. दोन पावले सरकले तर आवाज अचानक स्वच्छ होतो तो त्यामुळेच. दाट बागायतीत, विशेषतः पावसात ओल्या झालेल्या पानांमधून, पल्ला आणखी घटतो. चिंचणी ते डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत हा फरक जाणवण्याजोगा असतो. म्हणून इमारतींमध्ये पाचशे मीटर ते एक किलोमीटर, सपाट गावात दीड-दोन किलोमीटर आणि पाण्यावरून त्याहून बरेच अधिक असा अंदाज धरून योजना आखावी. पाण्याचा मुद्दा किनाऱ्याला फायद्याचा आहे. सातपाटी आणि मुरबे खाडीच्या दोन तीरांवर आहेत. रस्त्याने जायला मोठा वळसा, पण रेडिओच्या लहरीला मधली खाडी ही अडचण नसून मोकळे मैदान आहे.

पालघर ते बोईसर सरळ रेषेत अकरा-बारा किलोमीटर भरते. मध्ये उमरोळी येते. या अंतरावर हातातल्या सेटने हातातल्या सेटशी बोलण्याची आशा धरू नये. पालघरहून मनोरकडे तर वाघोबा खिंडीचा डोंगरच आडवा आहे, काळदुर्गाच्या पायथ्याच्या पलीकडे कितीही शक्तीचा सेट लावला तरी सरळ लहर पोचायची नाही. लांबचा निरोप जायचा तो हातोहात जातो: गल्लीतून गच्चीवर, गच्चीवरून पुढच्या गच्चीवर. या मधल्या माणसाला तांत्रिक ज्ञान फारसे लागत नाही. ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहून पुढे वाचून दाखवण्याची शिस्त लागते. मात्र विजा चमकत असताना किंवा वादळी वाऱ्यात कोणालाही गच्चीवर उभे करू नये. वरच्या मजल्यावरची, त्या दिशेची खिडकी पुरते.

निरोप वर जातो कसा

दहा-पंधरा घरांच्या हातात सेट आले आणि ते एकमेकांशी बोलू लागले, एवढ्यावर थांबले तर हाती करमणूक उरते. उपयोग सुरू होतो तो त्यातला एक तरी कान अग्निशमन केंद्राशी, पोलीस ठाण्याशी किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाशी जोडलेला असेल तेव्हा. फोन चालू असेल तर १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा आणि ११२ हा सर्व आणीबाणीचा क्रमांक आहे. एका भागात नेटवर्क नसले तरी दोन किलोमीटरवर असते, आणि रेडिओवरून तिथपर्यंत पोचलेला निरोप तिथला माणूस फोनवर सांगू शकतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हीच युक्ती कामी येते. कुठेच फोन नसेल तर सायकलवरून किंवा मोटारसायकलवरून ठाण्यात जाणारा माणूस आधीच नेमलेला असावा.

याहून भक्कम कडी हॅम रेडिओची. केंद्र सरकारची परीक्षा देऊन हा परवाना मिळतो. वयाची अट बारा वर्षांची आहे आणि सुरुवातीच्या श्रेणीला मोर्सची परीक्षा नाही. हॅमला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसारखे पट्टे, जास्त शक्ती आणि बाहेरची अँटेना वापरता येते, शिवाय लघुलहरींवर शेकडो किलोमीटर बोलता येते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हॅम चालक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये केंद्र लावून बसल्या होत्या आणि अंदमानचे निरोप कित्येक दिवस त्या केंद्रावरून मुख्य भूमीला गेले. वस्तीत एखादे हॅम घर असेल तर त्याने दोन्ही सेट ठेवावेत, कारण हॅमच्या सेटवरून ४४६ च्या पट्ट्यात बोलायला परवानगी नाही. एका कानाने गल्ली ऐकायची आणि दुसऱ्या सेटवरून जिल्ह्याला सांगायचे. बोईसरच्या अभियांत्रिकी आणि औद्योगिक प्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना ही परीक्षा अवघड नाही, आणि या भागात दहा वॉकी-टॉकींपेक्षा दोन हॅम परवान्यांची गरज अधिक आहे असे म्हणायला हरकत नाही.

वायुगळतीत या साखळीचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते. कोणत्या टाकीतून गळती झाली हे कारखान्याला माहीत असते, पण ढग कुठल्या वस्तीवर सरकतो आहे हे वस्तीलाच आधी कळते. पास्थळच्या टोकाला डोळे चुरचुरतात, सालवडला काहीच नाही, कुंभवलीत वास आहे पण सौम्य; असे तीन-चार निरोप वेळेसह नकाशावर मांडले की वाऱ्याची दिशा आणि ढगाची कड ठरवता येते. औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्राला किंवा कारखान्यांच्या परस्पर मदत गटाला ही माहिती मिळाली, तर कोणत्या गल्लीला हलवायचे आणि कोणत्या गल्लीला घरातच थांबवायचे हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. रासायनिक अपघातांच्या १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर संकटगट बसवले. त्यांच्या सरावांमध्ये वस्तीचे असे निरोप घेण्याची जागा ठेवता येईल, ती मागून घ्यायला हवी.

बोलण्याची रीत

एका चॅनेलवर एका वेळी एकच आवाज मावतो. म्हणून प्रत्येक गटात एक मुख्य सेट ठरवतात. बाकीचे त्याला हाक मारतात आणि तो क्रम लावून देतो. बटण दाबून लगेच बोलले तर पहिला शब्द कापला जातो, त्यामुळे एक सेकंद थांबायचे, मग कोणाला आणि कोण हे सांगायचे, निरोप द्यायचा, ‘ओव्हर’ म्हणायचे. ज्याला निरोप मिळाला त्याने तो परत वाचून दाखवायचा. बॅटरी वाचवण्यासाठी सतत सेट चालू ठेवण्याऐवजी दर तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांनी ऐकावे असे ठरवतात. अमेरिकेत दर तीन तासांनी तीन मिनिटे तिसऱ्या चॅनेलवर, असा लक्षात राहायला सोपा संकेत काही मंडळी पाळतात.

मराठीत एक सावधगिरी लागते. खरखरीत आवाजात ‘सात’ आणि ‘साठ’ वेगळे ऐकू येत नाहीत, ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांचा गोंधळ तर शांत खोलीतही होतो. त्यामुळे आकडे सुटे सांगावेत: सहा, नऊ. बोईसरच्या चाळींमध्ये उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, पूर्वेच्या पाड्यांवर वारली आणि कोकणा बोलतात, किनाऱ्यावर मांगेली आणि वाडवळी. वीस-पंचवीस ठरलेले शब्द सर्वांनी सारखे वापरायचे आणि मुख्य सेटवर हिंदी-मराठी दोन्ही येणारा माणूस बसवायचा, इतके केले तरी बरीच अडचण टळते.

सेटवर ‘प्रायव्हसी कोड’ असे लिहिलेले असते, त्याने बोलणे गुप्त होत नाही. तो कोड फक्त नको असलेले आवाज आपल्या कानावर पडू देत नाही. आपले बोलणे मात्र त्या चॅनेलवर कोणीही ऐकू शकतो. उलट गटातल्या एकाचा कोड वेगळा लागला तर तोच बहिरा होतो. आपत्तीसाठी सर्वांनी कोड बंद ठेवावा हे उत्तम. कोणाचे घर रिकामे आहे, दागिने कुठे आहेत, असे काहीही रेडिओवर बोलू नये. अफवांचे तर विशेष भान हवे. तारापूरच्या परिसरात ‘किरणोत्सर्ग झाला’ हे दोन शब्द जेवढे नुकसान करतील तेवढे अनेकदा प्रत्यक्ष घटनाही करणार नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ प्रमाणे आपत्तीविषयी खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. म्हणून निरोपात ‘पाहिले’, ‘ऐकले’ आणि ‘अधिकाऱ्यांनी सांगितले’ या तीन गोष्टी वेगळ्या सांगायची सवय लावावी, आणि स्थलांतराचा आदेश मुख्य सेटवाल्याने स्वतःच्या अधिकारात कधीच देऊ नये.

जिथे सेट चालू करू नये

ज्वालाग्राही वायूची गळती असेल तिथे साधा वॉकी-टॉकी धोक्याचा आहे. बटणाच्या संपर्कात किंवा बॅटरीच्या टोकांशी उडणारी बारीक ठिणगीही पुरेशी असते. कारखान्यांच्या धोकादायक विभागात ठिणगीमुक्त म्हणून प्रमाणित केलेलेच सेट वापरतात आणि ते घरगुती सेटच्या कितीतरी पट महाग असतात. वस्तीतल्या माणसाने वासाच्या दिशेने सेट घेऊन पाहायला जाणे हे दोन्ही अर्थांनी चूक आहे; त्याने वाऱ्याच्या आडव्या दिशेला दूर जाऊन मग बोलावे. ढिगाऱ्याजवळ बचावपथक आवाजाचा कानोसा घेत असते, तिथेही सेटचा आवाज बंद ठेवतात किंवा इअरफोन लावतात.

पावसाळ्याचा कोकण हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा वैरी आहे. खारी हवा बॅटरीचे संपर्कबिंदू वर्षभरात हिरवे करते. कपाटात ठेवलेली लिथियम बॅटरी हळूहळू उतरते आणि पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडली की कायमची जाते, त्यामुळे दर दोन महिन्यांनी चार्ज करून जोडीने बोलून पाहणे हाच खरा सराव. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे सेट या भागाला अधिक सोयीचे: वीज नसताना सेल किराणा दुकानात मिळतात. सेल मात्र सेटमध्ये घालून ठेवू नयेत, गळतात. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, म्हणजे मासेमारीबंदी सुरू व्हायच्या आणि पाऊस लागायच्या तोंडाशी, ही तपासणीची स्वाभाविक वेळ. त्या सुमारास बोटी किनाऱ्याला लागतात आणि कोळीवाड्यात माणसे भेटतात.

अलीकडे आवाजाऐवजी लिखित संदेश पाठवणारी छोटी उपकरणेही आली आहेत. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात ती एकमेकांचे संदेश आपोआप पुढे ढकलतात, फोनला ब्लूटूथने जोडता येतात आणि अगदी थोड्या विजेवर चालतात. गच्चीवर सौरपट्टीसह ठेवलेले असे एक उपकरण माणसाऐवजी मधल्या कडीचे काम करू शकते, आणि लिहिलेला निरोप तोंडोतोंडी बदलत नाही. उलट बाजूने, घाबरलेल्या माणसाला किंवा लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीला बटण दाबून बोलणे जमते, पडद्यावर लिहिणे जमत नाही. आणि ही उपकरणे लावायला, दुरुस्त ठेवायला वस्तीत एक तरी हौशी जाणकार लागतो. त्यामुळे सध्या तरी बोईसर-पालघरमध्ये घरोघरी आवाजाचे सेट आणि गच्ची ते गच्ची लेखी संदेशाची उपकरणे अशी सांगड व्यवहार्य दिसते, जिचे शेवटचे टोक पालघरच्या नियंत्रण कक्षाच्या टेबलावर असायला हवे.